जुन्या पेट्रोल गाडीचा ऑक्सिजन सेन्सर: बदलण्याआधी काय तपासायचं, कोणता घ्यायचा, कसा बसवायचा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागून राहतो, पण गाडी चालते. पंधरा-सोळाचं अ‍ॅव्हरेज बारा-तेरावर येतं. सायलेन्सरच्या तोंडाशी कोरडी काळी काजळी जमते आणि आयडलला पेट्रोलचा वास येतो. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त दाखवतो. घाटात, यवतेश्वरला किंवा पसरणीला दुसऱ्या गिअरवर ओढताना गाडी मध्येच हुंदका देते आणि पुन्हा पकडते. ही सगळी लक्षणं ऑक्सिजन सेन्सरची, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसून धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची असू शकतात.

यातलं सगळ्यात बोलकं लक्षण वेगळं आहे: सकाळी थंड गाडी छान चालते आणि पाच-सात मिनिटांनी इंजिन गरम झालं की आयडल वर-खाली व्हायला लागतं. थंड इंजिनात ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) या सेन्सरकडे बघतच नाही. ठरलेल्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला की त्याचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करायला लागतो. म्हणून बिघाड नेमका गरम झाल्यावर सुरू होत असेल, तर शोध या बाजूला घ्यायचा. गाडी सेल्फलाच उठत नसेल, थंडीगरमीत सारखीच मिसिंग करत असेल किंवा पिकअप गेला असूनही दिवा लागत नसेल, तर आधी प्लग, कॉइल आणि पेट्रोल पंपाकडे बघा.

स्कॅनर पी ०१३३ किंवा पी ०१७१ असा कोड दाखवतो आणि गॅरेजमध्ये लगेच सांगितलं जातं, "सेन्सर गेला, बदलावा लागेल." हे चूक आहे. कोड सर्किटचं किंवा स्थितीचं नाव सांगतो, गेलेल्या पार्टचं नाही. सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन जास्त आहे की कमी, एवढीच साक्ष सेन्सर देतो. साक्ष खरी असेल तर साक्षीदार बदलून उपयोग नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), पी ०१७२ म्हणजे रिच (पेट्रोल जास्त). हे दोन कोड बहुतेक वेळा चांगल्या सेन्सरने दिलेली खरी माहिती असतात. पी ०४२० आला तर संशय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतल्या धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यावर आहे. सेन्सरच्या सर्किटचे कोड पी ०१३० ते पी ०१३५ हे पुढच्या (कन्व्हर्टरच्या आधीच्या) सेन्सरचे आणि पी ०१३६ ते पी ०१४१ हे मागच्याचे. त्यातले पी ०१३५ आणि पी ०१४१ सेन्सर तापवणाऱ्या त्याच्या आतल्या हीटरचे.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. ऊसवाहतुकीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच बुजतो. मग प्लग काढून बघा. एक सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्यातली न जळलेली हवा तशीच सायलेन्सरमध्ये येते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो "लीन" सांगतो आणि ईसीयू चारही सिलिंडरला पेट्रोल वाढवतो. प्लगचा एक सेट सेन्सरच्या मानाने फारच स्वस्त आहे, म्हणून तो आधी.

इनटेकच्या रबरी नळ्या हाताने वाकवून पाहा. जुन्या गाडीत ब्रेक बूस्टरची आणि पीसीव्हीची (इंजिनमधली वाफ परत इनटेकला नेणारी) नळी टोकाशी तडकते. चोरून आत गेलेली हवा ईसीयूच्या हिशोबात येत नाही, त्यामुळे मिश्रण लीन होतं. तडा बाहेरून दिसत नाही, नळी दुमडली की दिसतो.

यानंतर एक्झॉस्टची गळती. बहुतेक लोक हे टाळतात आणि नेमके इथेच फसतात. मॅनिफोल्डचं (इंजिनला लागून असलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या भागाचं) पॅकिंग गेलं असेल किंवा मॅनिफोल्डला केसाएवढी चीर असेल, तर धूर नुसता बाहेर येत नाही. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती दिसते, ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो. परिणामी कोड लीनचा आणि प्लग काळे, असा उलटा प्रकार दिसतो. पहाटे इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सुरू करा आणि पहिलं मिनिट बॉनेट उघडून कान द्या. टिक-टिक किंवा फस-फस आवाज गरम झाल्यावर कमी होतो, कारण लोखंड फुगून चीर मिटते. जोडाजवळ काळा पट्टा उमटलेला असेल तर गळती तिथेच आहे. ती आधी बंद करा, नाहीतर नवा सेन्सरही तेच सांगेल.

वायर, कपलर, फ्यूज

सेन्सरपासून कपलरपर्यंतची वायर पूर्ण लांबी नजरेखालून घाला. गरम पाइपला टेकून वितळलेली वायर हा सगळ्यात नेहमीचा दोष. दुसरा उंदरांचा. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर घराकडे आणि उभ्या गाड्यांकडे वळतात. गाडी रानालगत उभी राहत असेल तर कुरतडलेली वायर आधी शोधा.

कपलर सोडवून पिना पाहा. पाटण-कोयना, महाबळेश्वर या पट्ट्यात पावसाळाभर गाडी भिजते आणि पिनांवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा कपलरच्या गाडीकडच्या बाजूला मारा, कोरडं होऊ द्या, पुन्हा जोडा. सेन्सरच्या बाजूला तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-फॉर्टी काहीही नको. बऱ्याच सेन्सरमध्ये तुलनेसाठी लागणारी बाहेरची स्वच्छ हवा वायरच्या आवरणाच्या आतून सेन्सरपर्यंत जाते. त्या वाटेने तेलाची वाफ आत गेली की चांगला सेन्सर चुकीचं बोलतो. वायर डागून जोडू नये याचंही हेच कारण आहे. डागाचं कथील तारांमध्ये शोषलं जातं आणि हवेची वाट बंद होते. जोड द्यायचाच असेल तर दाबून बसवायचा क्रिम्प वापरा.

हीटरचा कोड असेल तर फ्यूज पाहा. अनेक गाड्यांत हीटरला १० किंवा १५ अँपिअरच्या फ्यूजमधून करंट येतो, तो कोणता हे फ्यूजबॉक्सच्या झाकणावर लिहिलेलं असतं. फ्यूज उडालेला असेल तर बदला, पण पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज लावू नका. हीटर आतून शॉर्ट आहे किंवा वायर बॉडीला लागते आहे.

एलपीजी किंवा सीएनजी किट नंतर बसवलेली गाडी असेल तर आणखी एक जागा बघायचीच. अनेक किटवाले सेन्सरच्या सिग्नल वायरवर खाप घालून आपली वायर जोडतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. दोन पावसाळ्यांत ती पट्टी सुटते. किट बंद करून, पेट्रोलवर असतानाच कोड येतो का हे तपासलं की निम्मा गोंधळ संपतो.

स्कॅनर आणि आकडे

ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर पाचशे-हजार रुपयांत मिळतो आणि मोबाइलवर लाइव्ह आकडे दाखवतो. २०१०च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी मात्र तो बोलत नाही. तिथे कंपनीचा किंवा बहुब्रँड स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा. जुन्या मॉडेलमध्ये दोन पिना तारेने जोडून दिव्याच्या उघडझापीवरून कोड वाचता येतो, पण पिना कोणत्या हे त्या गाडीच्या मॅन्युअलमधून नक्की ठाऊक असेल तरच. अंदाजाने जोडलेली तार ईसीयू जाळू शकते.

गाडी पंधरा मिनिटं चालवून गरम करा. मग पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज बघा. साधा झिर्कोनिया सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखा खालीवर होतो. २५०० आरपीएमवर धरलं तर दहा सेकंदांत आठ-दहा वेळा तरी ०.४५ व्होल्टची रेषा ओलांडली पाहिजे. आकडा ०.४५च्या आसपास चिकटून राहिला तर सेन्सर तापलेला नाही किंवा वायर तुटली आहे. शून्याजवळ अडकला तर लीन, एक्झॉस्टची गळती किंवा वायर बॉडीला लागलेली. ०.९च्या वर अडकला तर इंजिन खरंच रिच आहे किंवा हीटरचा करंट सिग्नलमध्ये झिरपतो आहे.

यानंतरची चाचणी निकाल लावते. आयडलवरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबा: व्होल्टेज लगेच ०.८च्या वर जायला हवा. उतारावर गिअरमध्ये ठेवून पाय सोडा, पेट्रोल तुटतं, तेव्हा तो ०.१च्या आसपास यायला हवा. दोन्ही वेळेस झटकन उत्तर दिलं तर सेन्सर चांगला आहे. पुढे कोणी काहीही सांगो, तो बदलू नका. पी ०१३३ असताना व्होल्टेज दोन्ही टोकांना जातो पण रेंगाळत जातो. तो म्हातारा झालेला सेन्सर, आणि तो बदलणं योग्य.

फ्युएल ट्रिमही पाहा, म्हणजे ईसीयू ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो ते. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ईसीयू आरामात आहे. इथे ई-२० पेट्रोलचा हिशोब लक्षात घ्या. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. जुन्या गाडीचा ट्रिम अधिक पाच-सहा टक्क्यांवर आला आणि अ‍ॅव्हरेज थोडं घसरलं, तर तो इंधनातला बदल आहे आणि ईसीयू त्याला नीट सांभाळून घेतो आहे. तेवढ्यासाठी सेन्सरवर पैसे घालू नका. ट्रिम अधिक १५च्या वर गेला तर मात्र हवा कुठून शिरते किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे का, हे शोधायला हवं.

मागचा सेन्सर कन्व्हर्टरच्या नंतर असतो आणि गरम गाडीत ०.६-०.७च्या जवळ शांत राहतो. तोही पुढच्यासारखाच उड्या मारत असेल तर कन्व्हर्टर थकला आहे, मागचा सेन्सर नाही.

मल्टिमीटर असेल तर हीटर मोजणं सोपं आहे. कपलर सोडवा, सेन्सरच्या बाजूच्या दोन एकसारख्या रंगाच्या वायरींमध्ये ओहम मोजा. थंड असताना प्रकारानुसार साधारण ३ ते १५ ओहम येतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला, सेन्सर बदलायचा. ठीक आला तर इंजिन चालू ठेवून गाडीच्या बाजूला १२ व्होल्ट येतात का पाहा. सिग्नलच्या वायरवर ओहम मोजायचे नाहीत आणि टेस्ट लॅम्प तर लावायचाच नाही.

कोणता घ्यायचा

गाडीत किती सेन्सर आहेत ते वर्षावरून ठरवू नका. भारत स्टेज-४ हा धुराचा नियम २०१० मध्ये पुणे-सोलापूरसारख्या काही शहरांत आधी लागू झालं आणि देशभर १ एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे त्या मधल्या काळातल्या एमएच-१०, एमएच-११ किंवा एमएच-५० गाडीत एकही असू शकतो आणि दोनही. खाली वाकून मोजा.

जुन्या सेन्सरच्या षटकोनावर किंवा वायरवरच्या पट्टीवर पार्ट नंबर कोरलेला असतो. दुकानात गाडीचं नाव सांगून मागू नका, तो नंबर सांगून मागा. पुढच्या आणि मागच्या सेन्सरचे आटे सारखेच, बहुतेक गाड्यांत एम १८ गुणिले १.५, म्हणून कोणताही कुठेही बसतो. पण वायरची लांबी, कपलर आणि हीटर वेगळे असतात. काही गाड्यांत पुढे एअर-फ्युएल रेशो सेन्सर असतो. दिसायला तो अगदी तसाच, चार वायरींचा, पण काम वेगळं. त्याच्या जागी साधा सेन्सर लावला तर ईसीयूला काहीच कळत नाही.

डेन्सो, बॉश आणि एनजीकेचा एनटीके हे नेहमीचे. आपल्या गाडीत कंपनीने जो बसवला होता तोच ब्रँड घ्या, कपलरसह. पैसे वाचवायला कपलर नसलेला युनिव्हर्सल घेतला तर वायरचे रंग पाठ करावे लागतात: बॉशमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी ग्राउंडची. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी ग्राउंडची. म्हणजे एकाची काळी सिग्नलची आणि दुसऱ्याची काळी हीटरची. तिथे चूक झाली तर १२ व्होल्ट सरळ सिग्नलवर जातात. माझा सल्ला, युनिव्हर्सल घेऊच नका. भंगारातला तर नाहीच, कारण त्याचं किती आयुष्य उरलंय हे बघून कळत नाही. हीटर नसलेले एक वायरचे जुने सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटर चालतात, हीटरवाले लाखाच्या पुढे.

पेट्रोलमध्ये धुऊन, तारेच्या ब्रशने घासून किंवा गॅसच्या ब्लो टॉर्चने तापवून सेन्सर "साफ" करणं बंद करा. वरची काजळी निघते, पण आतला प्लॅटिनमचा थर घासला जातो आणि सिरॅमिकला तडा जातो. जुन्या टोकाचा रंग मात्र जरूर बघा. काळी कोरडी काजळी म्हणजे इंजिन रिच चालतंय. तपकिरी चमकदार थर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा खरखरीत थर सिलिकॉनचा किंवा कूलंटचा. साधं सिलिकॉन पॅकिंग लावून इंजिनचं काम झालं असेल तर त्याची वाफ सेन्सर मारते, म्हणून डबीवर "सेन्सर सेफ" लिहिलेलंच घ्या. कारण तसंच ठेवून नवा लावला तर काही महिन्यांत तोही जाईल.

बसवताना

आदल्या रात्री आट्यांच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा आणि बंद करा. बुडखा (पाइपवरचा, सेन्सर ज्यात आट्यांनी बसतो तो भाग) कोमट असताना आटे सुटतात, लालबुंद असताना हात भाजतो आणि पूर्ण थंड असताना आटे ओरबाडतात. गाडीखाली जायचं असेल तर सपाट जमीन, चाकांना दगड आणि जॅकशिवाय वेगळे स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

कपलर आधी सोडवा, मग वायरची क्लिप. २२ मिलिमीटरचा खाच असलेला सॉकेट वापरा. नसेल तर जुना सेन्सर टाकूनच द्यायचा आहे, तेव्हा वायर कापून २२चा रिंग पाना घाला. उघड्या तोंडाचा पाना षटकोन गोल करतो. सुटायला लागल्यावर जड वाटलं तर पुढे नेऊ नका. पाव फेरा मागे, तेल, पुन्हा पुढे, असं करत काढा.

बुडख्याचे आटे मळलेले असतील तर एम १८ गुणिले १.५चा टॅप हळू फिरवून घ्या. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा अँटीसीझ (आटे अडकू नयेत म्हणूनची पेस्ट) लावलेलंच येतं. नसेल तर फक्त आट्यांवर पुसट हात, टोकाला अजिबात नाही. टोकाची टोपी बसवण्याच्या क्षणापर्यंत काढू नका. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर वापरू नका, आतलं सिरॅमिक तडकलेलं बाहेरून दिसत नाही. पहिले सगळे फेरे बोटांनी. मग ४० ते ५० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर वॉशर टेकल्यावर अर्धा ते पाऊण फेरा. वायर मूळच्याच वाटेने, मूळच्याच क्लिपमध्ये, पाइपपासून लांब.

कोड पुसा आणि थोडा गावातला, थोडा हायवेचा मिळून अर्धा तास फिरवा. जुना ट्रिम ईसीयूच्या डोक्यात असतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज पहिल्याच टाकीत बघून निराश होऊ नका. आरसीच्या पंधरा वर्षांच्या नूतनीकरणासाठी पीयूसी काढायची असेल तर तपासणीआधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी गरम ठेवा. थंड कन्व्हर्टर चांगल्या गाडीचाही सीओ वाढवतो.

आणि कोणी हीटरच्या जागी रेझिस्टर लावून किंवा कन्व्हर्टर पोकळ करून दिवा घालवून देतो म्हणालं, तर गाडी तिथे सोडू नका. दिवा जातो, पण धुरातलं विष आपल्याच गल्लीत राहतं.

इथे थांबा

दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. ते जोरदार मिसिंग आहे. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याला वितळवतं, आणि तो सेन्सरच्या कैक पट महाग आहे. टो करून न्या.

तेल आणि कोमट इंजिन करूनही सेन्सर हलत नसेल तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. आटे गेले किंवा बुडखा फाटला की सायलेन्सरवाल्याकडे नवा बुडखा वेल्डिंग करावा लागतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा आणि सेन्सरचं टोक आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश खाली झुकलेलं राहील असा बुडखा बसवायला सांगा, म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी त्याच्यात साचणार नाही.

नवा सेन्सर, चांगला फ्यूज, १२ व्होल्टही येतात, तरी हीटरचा कोड परत येतो: ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. ईसीयूचा ग्राउंड देणारा भाग किंवा लूममधली (वायरिंगच्या जुडीतली) आतली वायर गेलेली असते. कूलंट कमी होतंय आणि टोकावर पांढरा थर आहे: हेड गॅस्केट तपासणाऱ्या मेकॅनिककडे जा, सेन्सर नंतर.

पुरात उभी राहिलेली गाडी मात्र पहिल्या पायरीपासूनच तुमच्या हातचं काम नाही. २०१९ आणि २०२१च्या कृष्णेच्या पुरानंतर सांगलीत अशा कितीतरी गाड्या होत्या. पाणी कपलरमध्ये, वायरच्या आवरणात आणि ईसीयूपर्यंत जातं. चावी न फिरवता बॅटरी काढा आणि लूम उघडून वाळवणाऱ्या, प्रत्येक कपलर तपासणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे टो करून न्या. सेन्सर त्याने तपासल्यानंतरच विकत घ्या. फरशी पुलावरच्या पाण्यातून तापलेली गाडी घातल्यावर लगेच कोड आला, तर गाडी वाळेपर्यंत एक दिवस थांबा. कपलर कोरडं होऊन कोड गेला तर उत्तम. तो परत आला, तर गरम सिरॅमिक थंड पाण्याने तडकलं असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा सेन्सर बदलावाच लागतो.